गरोदरपणातली पथ्ये: कोणती पाळायची, कोणती सोडायची?

आर्द्रा
नववा आठवडा चालू आहे. सगळीकडून आलेल्या याद्या एकत्र केल्या तर ताटात काही उरतच नाही. कॉफी, मासे, चीज, कच्चे मोड, शेंगदाणे, व्यायाम, पाठीवर झोपणं, सगळ्यावर फुली. दारू-सिगारेट बंद, त्यावर वाद नाही. बाकीच्यांत खरं पथ्य कुठलं, हे कसं ठरवायचं? ‘पाळलं तर काय बिघडतं’ हे उत्तर कृपया नको.

दोनदाणे
प्रत्येक पथ्याला तीन प्रश्न विचारा: अपाय कशाने होतो, किती मात्रेला आणि कुठल्या महिन्यात? एकाचंही उत्तर मिळालं नाही तर ते पथ्य खुशाल सोडा. शेंगदाणे त्यातलेच. आईला स्वतःला ॲलर्जी नसेल तर ते टाळून बाळाची ॲलर्जी टळत नाही, फक्त प्रथिनं कमी होतात.

कॉफीचा प्रश्न मात्रेचा. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहायचं. मगभर इन्स्टंट कॉफीत साधारण १००, फिल्टर कॉफीत १४०, चहात ७५. कोला आणि चॉकलेटही याच हिशेबात धरा. लोहाची गोळी आणि चहा-कॉफी यांत तासाभराचं तरी अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

मासे बंद करू नका, बदला. पारा साठतो तो शार्क, स्वॉर्डफिश, मार्लिन अशा मोठ्या शिकारी माशांत, आणि शिजवून तो जात नाही. सार्डिन, सॅमनसारखे मासे नीट शिजवून आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत.

ओळंबा
वरच्यात भर. सगळ्यात कडक पाळायचं ते लिस्टेरियाचं पथ्य. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे ‘फ्रिजमध्येच होतं’ याला अर्थ नाही. कच्चं दूध आणि त्याचं चीज, थंड खायचे मांसाचे तयार काप, कापून ठेवलेलं खरबूज, हे टाळा. पाश्चराइज्ड दुधाचं घट्ट चीज चालतं. ब्री, कॅमेंबर्टसारखं बुरशीचं मऊ चीज मात्र दूध पाश्चराइज्ड असलं तरी नको, कारण त्यात ओलावा जास्त आणि आम्लता कमी असते. पूर्ण वाफाळेपर्यंत शिजवलं तर तेही चालतं.

मोड धुऊन उपयोग नाही. जंतू बियांच्या भेगांत असतात आणि मोड येण्याच्या ऊबेत वाढतात. शिजवूनच खा. उरलेलं अन्न ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच ढवळा, नाहीतर कडेला वाफ आणि मध्ये गार.

लिव्हर पौष्टिक म्हणून सुचवतात, पण त्यातलं अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात आणि भरपूर असतं, जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनला हा नियम लागू नाही. दोन मल्टीव्हिटॅमिन एकदम घेत असाल तर दोन्ही डब्यांवरचं रेटिनॉल बेरीज करून पाहा.

मांजर घालवायची गरज नाही. तिची वाळू दुसऱ्याने रोज बदलावी. टोक्सोप्लाझ्मा हा बाळाला अपाय करणारा परजीवी मांजराच्या विष्ठेत १ ते ५ दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून ‘रोज’ महत्त्वाचं.

पायवाट
व्यायामाबद्दल: गुंतागुंत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. चालताना बोलता आलं पाहिजे, हे माप. पडण्याचा किंवा पोटाला धक्का लागण्याचा धोका असलेले खेळ आणि स्कूबा डायव्हिंग बंद. ‘आराम करा’ म्हणून सरसकट पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळत नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो.

पाठीवर झोपण्याचा मुद्दा २८ आठवड्यांनंतरचा. तेव्हा झोपताना कुशीवर वळा. मध्यरात्री जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, परत कूस घ्या. उलट गरम पाण्याचा टब आणि सॉना आत्ताच टाळायचे, कारण पहिल्या तिमाहीत शरीराचं तापमान ३९ अंशांवर गेलं तर बाळाच्या मज्जानलिकेला (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) धोका असतो.

आर्द्रा
छान, यादी निम्मी झाली. आता एकच: यातलं काही चुकून खाल्लं गेलं तर लगेच तपासणी करावी का?

ओळंबा
लक्षणं नसतील तर नाही. लिस्टेरियाची लक्षणं उशिरा, कधीकधी दोन महिन्यांनीही दिसतात. तेवढ्या काळात ३८ अंशांवर ताप, अंगदुखी किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि काय व कधी खाल्लं ते आपणहून सांगा. नाहीतर साधा फ्लू समजून रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, राहून जातं.