आकार गौण कसा?
बीटा डिकेबद्दल (न्यूक्लियसमधल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन किंवा प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो ती प्रक्रिया) "ऊर्जेचा फरक कळला की हाफ-लाइफ (निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ) कळली, न्यूक्लियसचा आकार गौण" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. बीटा डिकेचा वेग साधारण ऊर्जेच्या पाचव्या घाताने वाढतो हे खरंच, पण ती ऊर्जा नव्या न्यूक्लियसच्या नेमक्या कुठल्या लेव्हलपर्यंत (ऊर्जा-पातळीपर्यंत) मोजायची? तिथेच आकार मधे येतो. न्यूक्लियस लांबुळका झाला की एकाच ऊर्जेवर बसलेली ऑर्बिटल्स (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जागा) फुटून वरखाली पसरतात आणि डिके कुठे किती जाणार ते गणितच बदलतं.

झिर्कोनियमच बघा ना, झिर्कोनियम-९८ मध्ये पहिली २+ लेव्हल (एक उत्तेजित पातळी; ती खूप खाली असली की न्यूक्लियस लांबुळका समजायचा) १२२३ केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), झिर्कोनियम-१०० मध्ये फक्त दोन न्यूट्रॉन जास्त आणि तीच लेव्हल धाडकन २१२ वर, म्हणजे गोलसर होता तो एकदम रग्बीच्या चेंडूसारखा! २०११ मध्ये जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने क्रिप्टॉन ते टेक्नेशियमपर्यंतच्या ३८ आयसोटोपच्या हाफ-लाइफ मोजल्या, तर वस्तुमानांक ११० च्या आसपास प्रचलित मॉडेल्सचे हाफ-लाइफचे आकडे मोजलेल्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त निघाले. सगळं खापर आकारावर फोडता येणार नाही, पण हेच आकडे पुढे आर-प्रोसेसच्या (न्यूक्लियस झटपट न्यूट्रॉन गिळत जड मूलद्रव्यं बनतात त्या प्रक्रियेच्या) हिशेबात जातात, तेव्हा आकार ढोबळ धरून चालणं मला तरी अजिबात मान्य नाही.