मदत हवी आहे : रविवारच्या बालवर्गाचा अभ्यासक्रम

पंचवटीत देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या बालवर्गासाठी (वय 8 ते 12) वर्षाचा अभ्यासक्रम बसवतोय. दर रविवारी एक तास. परीक्षा, दिवाळी आणि मे महिना वगळला तर 36 तास हाती राहतात.

मनाचे श्लोक 205. त्यातले 24 निवडलेत, तासाला एकच. भुजंगप्रयात वृत्त असल्यानं चाल मुलं पटकन उचलतात आणि तिथंच घोडं पेंड खातं. तोंडपाठ झालं की अर्थाकडे कुणी बघत नाही. मधलाच चरण विचारला तर पहिल्यापासून म्हणावं लागतं. म्हणून आता आधी 20 मिनिटं अर्थ, मग 15 मिनिटं पाठांतर, उरलेल्या वेळात चित्र किंवा नाट्य.

बाकीचे 12 तास परिसराला : समर्थ रामदासांची टाकळी, त्र्यंबकची निवृत्तिनाथ समाधी, पांडवलेणी (नाव पांडवांचं, लेणी बौद्ध, हे पालकांनाही सांगावं लागतं).

अडलंय ते पुढे. 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह (दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा) गाळायचा नाही, हे पक्कं. पण ‘देवळात येऊ देत नव्हते’ म्हटलं की आठ वर्षांचं पोर ‘कोण?’ आणि ‘का?’ विचारणारच. 8-9 आणि 10-12 असे गट पाडावेत, की एकत्रच घ्यावं? कुणी हा भाग घेतला असेल तर तासाचं टिपण द्याल का?

शिवाय लेखी परीक्षेशिवाय मूल्यमापन कसं करता? शिकवणारे सेवाभावी, सारखे बदलतात. पद्धत एका पानात मावणारीच हवी.