ट्रॅक डेला गाडी टायरच्या भिंतीत घातली, नेमकं काय चुकलं सांगा

कर्वेनगरचा_स्विफ्टवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली ती अशी.

गेल्या महिन्यात कोइम्बतूरला ट्रॅक डेला (पैसे भरून आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायचा दिवस) गेलो होतो, माझा दुसराच. गाडी २०१३ची स्विफ्ट पेट्रोल झेडएक्सआय, ९१ हजार किमी, इंजिन कंपनीचंच, फक्त पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकलेले. मी माझ्या स्विफ्टमध्ये आणि मित्र त्याच्या पोलोत असे पहाटे चारला कर्वेनगरातून निघालो, रात्री होसूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी कोइम्बतूर, तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ट्रॅकवर. वीस-वीस मिनिटांची चार सेशन होती. पहिली दोन एकदम झकास, तिसऱ्यात ब्रेकचं पेडल जरा खोल जायला लागलं पण गाडी थांबत होती म्हणून फार मनावर घेतलं नाही.

चौथ्या सेशनला मित्र पुढे, मी मागे. सरळ पट्टा संपला की एक उजवं वळण आहे, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये शिरलो आणि वाटलं आपण जरा जास्तच जोरात आलोय. मागचा भाग डावीकडे सुटला, मी स्टिअरिंग डावीकडे मारलं, एक क्षण वाटलं सावरली आणि तेवढ्यात गाडी फाटकन उलट्या बाजूला फिरली, मग गवत, धूळ आणि टायरची भिंत. उजवा पुढचा कोपरा आत गेला, एअरबॅग उघडली. मला काही नाही, पट्ट्याचा वळ आठवडाभर होता फक्त. लाल झेंडा दाखवून सगळ्यांचं सेशन थांबवलं, सगळे पिटमध्ये उभे राहून माझी गाडी ओढून आणताना बघत होते, ते जास्त लागलं.

ट्रॅकचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्यांची काहीच चूक नव्हती. आता मित्र म्हणतो ब्रेक गेले, गॅरेजवाला म्हणतो ट्रॅकवर ऑइल सांडलं असेल, मी म्हणतो नशीब. गाडी फ्लॅटबेडवर पुण्यात आणली, सध्या शिवण्याला गॅरेजमध्ये आहे, एस्टिमेट १ लाख ८० हजार. घरी सांगितलंय सर्व्हिसिंगला दिलीय. पुन्हा जायचं तर आहे, पण काय चुकलं ते कळल्याशिवाय नाही.

सदाशिव_पेठी

सर्वप्रथम आपण धडधाकट आहात याचा आनंद आहे. महिनाभर चालणारं सर्व्हिसिंग घरचे बिनतक्रार पचवतायत म्हणजे घरचेही धडधाकट आहेत.

इन्शुरन्सचं आधीच सांगून ठेवतो. पॉलिसी उघडून 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' असं लिहिलेला भाग वाचा, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग ही नावं सरळ वगळलेली असतात. 'आम्ही शर्यत लावली नव्हती, नुसते फिरत होतो' हा युक्तिवाद मनातल्या मनात छान वाटतो, सर्व्हेअरसमोर टिकेल या भरवशावर राहू नका. आणि कात्रजच्या वळणावर कुत्रं आडवं आलं वगैरे कथा तर अजिबात रचू नका, तो सरळसरळ खोटा क्लेम होतो. १ लाख ८० हजार स्वतःचे गेले असं धरून चला.

तिसरा_गिअर

नशीब सोड रे. व्हिडिओ आहे का? असेल तर आवाज मोठा करून बघ की मागचा भाग सुटायच्या आधी इंजिनाचा आवाज पडतो का नंतर, आणि मागचे टायर कुठले आहेत, पुढचे-मागचे एकाच वेळी घेतलेले का वेगवेगळे, आणि सकाळी हवा किती भरलेली आणि सेशननंतर पुन्हा मोजलीस का. एवढं सांग मग बोलू. ट्रॅकवर ऑइल असतं तर मागून येणारी पण एखादी गाडी तिथेच घसरली असती.

कर्वेनगरचा_स्विफ्टवाला

@तिसरा_गिअर व्हिडिओ आहे, काचेवर मोबाइल लावला होता. काल रात्री हेडफोन लावून वीसेक वेळा बघितला. आवाज आधी पडतो. म्हणजे वळणाच्या मध्यावर मी रेस सोडलीय, पूर्ण सोडलीय, आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदात क्षितिज तिरकं व्हायला लागतं. मला शपथेवर विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की पाय हललाच नाही.

टायरचं विचारलंस म्हणून आज ऑफिस सुटल्यावर शिवण्याला गेलो, मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यावर बसून बघितलं. पुढचे दोन सहा महिन्यांपूर्वी घेतलेले. दुकानदाराने नवीन पुढे टाकले आणि पुढचे जुने मागे सरकवले. मागच्यांवर जो चार आकडी नंबर असतो तो ३११८. कडेला बोट फिरवलं तर बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. नक्षी बरीच शिल्लक होती म्हणून मी खूश होतो. हवा पेट्रोल पंपावर भरली तीच, नंतर बघितली नाही.

तिसरा_गिअर

बरं मग ऐक. ३११८ म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालंय, पकड गेलीय. थोडक्यात तुझ्या गाडीला पुढे ताजी पकड आणि मागे दगड.

आता पीएमटीत उभा आहेस असं समज, ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की सगळे पुढे कोसळतात ना, तसं वळणात रेस सोडली की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं. पुढचे टायर आणखी दाबले जाऊन आणखी चावतात आणि मागचे हलके होतात. हे सगळ्याच गाड्यांत होतं, तुझ्याकडे वजन हजार किलोच्या आत, मागचे टायर जुने, आणि २०१३च्या स्विफ्टला ईएसपी नाही की जे एखादं चाक स्वतःहून धरून तुला सरळ करेल. मागचा भाग सुटणारच होता.

तरी तिथपर्यंत गाडी वाचण्यासारखी होती, कारण तू काउंटर, म्हणजे मागचा भाग सुटला त्याच बाजूला स्टिअरिंग, बरोबर मारलास. गाडी भिंतीत गेली ती दुसऱ्या झटक्याने. मागच्या टायरला पुन्हा पकड मिळाली त्या क्षणी तुझी पुढची चाकं अजून डावीकडेच वळलेली होती, मग गाडी तुझं ऐकून डावीकडेच जाणार. काउंटर मारला की हात लगेच परत आणायचे असतात आणि आपण सगळे तिथेच उशीर करतो, कारण घाबरलेला माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसतो. आणि एकदा गाडी हातातून गेलीय हे कळलं की सावरायच्या भानगडीत न पडता क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे, म्हणजे निदान कुठे जातेय याचा अंदाज इतरांना येतो आणि वेग उतरतो.

भोसरीचा_राजा

टायरचं पटलं नाही भाऊ. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ओढायचं काम पुढचे टायर करतात, वळायचं पुढचे, ब्रेकचा जास्त भार पण पुढेच, आणि झिजतात पण पुढचेच. मग नवीन पुढेच टाकणार ना. माझ्या वडिलांपासून असंच चाललंय, काही झालं नाही. ट्रॅकचं एक वेळ वेगळं असेल पण रोजच्या गाडीला हा नियम लावू नका.

तिसरा_गिअर

@भोसरीचा_राजा पुढचे झिजतात हे खरं, म्हणून दर आठ-दहा हजाराला टायर फिरवून चारही सारखे झिजवायचे. पण दोनच नवीन घ्यायचे असतील तर ते मागे, टायर कंपन्या पण हेच सांगतात. पुढचे घसरले तर गाडी सरळ जायला बघते, तुला कळतं, तू आपोआप रेस सोडतोस आणि बऱ्याचदा ती परत वळते. मागचे घसरले तर कळेपर्यंत तोंड दुसरीकडे. पावसाळ्यात ताम्हिणीत गुळगुळीत मागच्या टायरवर उतारावरच्या वळणात एकदा पाय काढून बघ. म्हणजे खरं तर नको बघूस.

भोसरीचा_राजा

ताम्हिणीचं मान्य. तरी दुकानदार कुणी मागे टाकत नाही हे लिहून ठेवा.

नाना_गॅरेजवाले

मी तीस वर्षं ब्रेकचीच कामं करतोय. सगळे टायर टायर करताय पण तिसऱ्या सेशनला पेडल खोल गेलं म्हणाले त्यावर कुणी बोलंना. साहेब ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते सांगा. माझा अंदाज असा की आठवत नसेल.

पॅड तापून गेले तर पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जातंय म्हणजे ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत असतं. डॉट ४ ग्रेडचं ऑइल कोरं असताना २३० अंशाच्या पुढे उकळायला पाहिजे, पाणी प्यायलेलं असलं की तीच हद्द १५५ धरतात, डॉट ३ असेल तर १४०च. १२०च्या वेगावरून ६०वर आलात तर वेग निम्मा झाला पण गाडीतली पाऊण ताकद उष्णता होऊन ब्रेकात गेली. रस्त्यावर असं तुम्ही कधीतरी करता, ट्रॅकवर दर लॅपला चार-पाच वेळा, वीस मिनिटं. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड ट्रकचे ब्रेक तापून काय होतं ते पुण्यात सांगायला नको.

आणि सेशन संपलं की एक लॅप ब्रेक न मारता हळू फिरून यायचं, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक ओढला तर तापलेले लायनर ड्रमला धरून बसतात.

कर्वेनगरचा_स्विफ्टवाला

@नाना_गॅरेजवाले नाना, नाही आठवत. बिलं काढली, साडेतीन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. पॅडवर साडेचार हजार घातले आणि ऑइलचे पाच-सातशे वाचवले.

तुमचं वाचून व्हिडिओ पुन्हा लावला, यावेळी शेवटच्या वळणाच्या आधीचा सरळ पट्टा बघितला. तिथे गाडीचं नाक एकदा खाली जातं, वर येतं, पुन्हा जातं. मी पेडल दोनदा मारतोय. पहिल्यांदा खाली गेलं असणार म्हणून पुन्हा दाबलं, तेवढ्यात ब्रेक मारायची जागा निघून गेली, जास्त वेगात वळणात आलो, घाबरून पाय काढला आणि पुढचं तिसऱ्या गिअरने सांगितलंच आहे. हे सगळं मिळून चार सेकंदांच्या आत.

आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या सेशननंतर मी चहा पिताना मित्राला म्हणालो होतो की पेडल बरोबर नाही वाटत, थांबूया का. तो म्हणाला शेवटचं सेशन आहे, पैसे भरलेत. मला तेवढंच ऐकायचं होतं.

वारज्याची_पोलो

मी चार-पाच ट्रॅक डे केलेत, आणि माझी पण एकदा गाडी फिरलीय, शेवटच्याच सेशनला. माझ्यापुरता नियम केलाय की शेवटच्या सेशनला फक्त निम्मा वेळ जायचं, कारण तोवर टायर, ब्रेक, ऊन आणि डोकं सगळंच संपत आलेलं असतं आणि नेमकं तेव्हा वाटतं आपल्याला आता जमायला लागलंय. तुम्ही तर त्याच्या आधी बाराशे किमी चालवून गेला होतात आणि त्याच गाडीने परत यायचं होतं.

दुसरं, मित्राच्या मागे जाणं. समोरच्याचा ब्रेक लाइट लागला की आपण ब्रेक मारायचा अशी सवय नकळत लागते. त्याची गाडी वेगळी, टायर वेगळे, त्याचं पेडल वरच आहे. आपली ब्रेकची जागा कडेच्या बोर्डावरून ठरवायची, पहिल्या सेशनला लवकर, मग थोडी थोडी पुढे, आणि पेडल बदललं की पुन्हा मागे. एखाद्या सेशनला शेजारी इन्स्ट्रक्टर बसवायला मिळत असेल तर बसवा, माझं पाय काढायचं त्यांनीच पकडलं. ते म्हणाले वेग जास्त वाटला तर पाय सोडू नको, किंचित हलका कर आणि नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ठेव. तुम्ही कुठे बघत होतात? मी त्या वेळी भिंतीकडेच बघत होते आणि गाडी इमानदारीत तिकडेच निघाली होती.

हेल्मेट कुठलं होतं? धक्का बसलेलं असेल तर आता ते वापरू नका.

कर्वेनगरचा_स्विफ्टवाला

@वारज्याची_पोलो भिंतीकडेच. पांढऱ्या रंगाचा टायर होता मधोमध, तो अजून डोळ्यासमोर आहे. हेल्मेट भावाचं बाइकचं होतं, बाजूच्या काचेवर आपटलं. त्याला नवीन घेऊन देतो, आणि स्वतःसाठी कारचं घेईन, त्याचं आतलं अस्तर आगीत लगेच पेट घेत नाही म्हणतात.

सदाशिव_पेठी

कोइम्बतूर म्हणजे करिवर्धनचं गाव, मारुती ८००च्या इंजिनावर फॉर्म्युला गाड्या बनवून पोरांना रेसिंग शिकवणारा माणूस. तिथे जाऊन ब्रेक ऑइलचे पाच-सातशे वाचवणं हे मात्र अस्सल आमच्या पेठेतलं. आपण मूळचे कुठले?

कर्वेनगरचा_स्विफ्टवाला

@सदाशिव_पेठी आजोळ शनिवार पेठ. घ्या.

अपडेट. शिवण्याच्या गॅरेजला सांगितलंय, ब्रेक ऑइल चारही चाकांचं काढून नवीन, होजपाइप बघायचे, चार टायर एकदम. पुढचा ट्रॅक डे या वर्षी नाही, आधी पैसे साठू देत.

आणि आज सकाळी खाली पार्किंगमध्ये बाबांच्या वॅगनआरकडे सहज गेलो. टायर त्याच दुकानातले. नवीन दोन पुढे. मागच्यांवर बॅटरी मारली तर २२१७. परवा आई-बाबा त्याच गाडीने वरंधा घाटातून महाडला निघालेत, बाहेर पाऊस सुरू आहे. उद्या टायर बदलून घेतो म्हटलं तर बाबा म्हणाले नक्षी आहे की अजून भरपूर, तुला कुणी सांगितलं हे सगळं?

आता संध्याकाळी सांगतो.