‘द वायर’चे साठ भाग पाहून झाल्यावर : आपल्या मालिका ग्रुपवरील चर्चा

ए-७०२
सर्वांना नमस्कार. काल रात्री सी-११०४ मधल्या काकांनीही शेवटचा भाग पाहिल्याचे कळवले. म्हणजे आपल्या पाचही घरांत ‘द वायर’ ही बाल्टिमोर या अमेरिकी शहरातले पोलीस आणि अमली पदार्थांचा धंदा यांच्यावरची मालिका पूर्ण झाली आणि आता कोणाचा रसभंग होईल अशी भीती न बाळगता लिहिता येईल. जून २००२ ते मार्च २००८ या काळात एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर पाच पर्वांत ही मालिका दाखवली गेली, तेव्हा तिला प्रेक्षक बेताचेच मिळाले. एमी पुरस्कारासाठी लेखनाची दोन नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. आपण ती इतक्या वर्षांनी, आठवड्याला दोन भाग अशा गतीने, सात महिने पाहिली. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, इतक्या उशिरा पाहताना तुम्हाला तिच्यातले काय जुने वाटले आणि काय मुळीच जुने वाटले नाही?

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्या पर्वातले पेजर आणि रस्त्याच्या कडेचे सार्वजनिक फोन आता दिसत नाहीत. तरीही ती सांकेतिक आकड्यांची युक्ती उलगडते तो प्रसंग मी दोनदा पाहिला. गर्दचा धंदा करणारी पोरे पेजरवर खरा क्रमांक पाठवतच नाहीत. फोनच्या बटणांवर पाचाला ओलांडून पलीकडचा आकडा घ्यायचा, म्हणजे एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, तिनाच्या जागी सात, चाराच्या जागी सहा, आणि पाच व शून्य यांची अदलाबदल करायची. हिशेबात कच्च्या असलेल्या पोरांनाही जमेल इतकी ही युक्ती सोपी आहे, आणि म्हणूनच ती पोलिसांच्या लवकर लक्षात येत नाही. फोन ऐकण्याची परवानगी मिळाल्यावरही वाटेल ते ऐकता येत नाही. संशयित माणूसच त्या फोनवर आहे हे पाहण्यासाठी एक जण समोरच्या गच्चीवर उन्हातान्हात बसून राहतो आणि संभाषण गुन्ह्याशी संबंधित नसेल तर खाली बसलेल्याला कानावरचे यंत्र बाजूला ठेवावे लागते. तपास म्हणजे मुख्यतः बसून राहणे, टिपणे आणि वाट पाहणे, हे इतक्या धीराने दाखवणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

जुने वाटले नाही ते एकच. वरिष्ठांना हवा असलेला आकडा खालच्या माणसाकडून कसा तयार करून घेतला जातो, हे. मला ही मालिका गुन्हेगारीपेक्षा आकड्यांविषयीची अधिक वाटली.

बी-५०२
काकू, तिसऱ्या भागानंतर मी ही मालिका सोडणार होतो आणि तुम्ही जिन्यात भेटून पहिले पर्व तरी संपव म्हणालात, याबद्दल मी तुमचा खरोखर ऋणी आहे. सुरुवातीला मला माणसे ओळखू येत नव्हती, बाल्टिमोरच्या रस्त्यावरची इंग्रजी खालच्या अक्षरांशिवाय कळत नव्हती, आणि कोण कोणाचा माणूस आहे हे सांगायला कोणी थांबत नव्हते. नंतर लक्षात आले की लिहिणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले आहे. डेव्हिड सायमन तिथल्याच ‘बाल्टिमोर सन’मध्ये गुन्हेवार्ता लिहीत असत आणि एड बर्न्स यांनी खुनांच्या तपासात वर्षे काढून पुढे सरकारी शाळेत शिकवले. ज्यांनी ती माणसे जवळून ऐकली, त्यांनी आपल्याला सोपे पडावे म्हणून त्यांची भाषा बदलली नाही.

उशिरा पाहण्याचा एक परिणाम मला फार जाणवला. गर्द विकणाऱ्या पोरांतल्या वॉलेसची भूमिका करणारा मायकल बी. जॉर्डन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आज तो मोठा नट म्हणून सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही त्या अंधाऱ्या खोलीत स्वतःचेच मित्र पिस्तूल घेऊन समोर उभे राहतात तेव्हा तो नट आहे हे मी पूर्णपणे विसरलो. गर्दच्या व्यापाऱ्यांना लुटणारा ओमार झालेले मायकल के. विल्यम्स २०२१ मध्ये गेले आणि तपास पथकाचा प्रमुख डॅनियल्स झालेले लान्स रेडिक २०२३ मध्ये. त्यांचे प्रसंग पाहताना ही गोष्ट मनातून जात नव्हती.

सी-११०४
सर्वांना माझा नमस्कार. मी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून उभी नोकरी केली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यामुळे दुसऱ्या पर्वाविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, त्याबद्दल कोणी रागावू नये. बहुतेकांना हे पर्व आडवाटेला गेल्यासारखे वाटले, कारण पहिल्या पर्वातली ओळखीची माणसे मागे पडून अचानक बंदरावरचे पोलिश वंशाचे कामगार पुढे येतात. मला मात्र ते पाहताना स्वतःचीच हजेरी लागल्यासारखे झाले.

फ्रँक सोबोत्का हा बंदरावरच्या चेकरांच्या युनियनचा पुढारी आहे. चेकर म्हणजे आमचा टॅलीवाला. जहाजावरून काय उतरले आणि कुठे ठेवले याची नोंद करणारा माणूस. आमच्या वेळी हातात पाटी आणि पेन्सिल होती, त्यांच्या हातात छोटे यंत्र आहे, परंतु चोरीची रीत तीच आहे: पेटी उतरली आणि तिची नोंदच झाली नाही, तर कागदावर ती पेटी जन्मालाच येत नाही. हजारो सारख्या पेट्यांच्या भिंतीत एक पेटी हरवणे किती सोपे असते, हे ज्याने धक्क्यावर रात्रपाळी केली आहे त्यालाच कळेल.

एका प्रसंगात या फ्रँकला रॉटरडॅम बंदराची फिल्म दाखवली जाते. माणसे जवळपास नाहीतच, यंत्रे आपोआप पेट्या उचलतात आणि ठेवतात. सभागृहातले साहेब खूश आहेत आणि फ्रँकचा चेहरा पांढरा पडतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झाले तेव्हा आमच्या गोदीतल्या कित्येक चेहऱ्यांवर मी हे पाहिले आहे. पूर्वी एका जहाजाची पोती उतरवायला टोळ्यांच्या टोळ्या दिवसच्या दिवस लागत असत; तोच माल पेटीत बंद झाल्यावर क्रेनवाला आणि चार माणसे पुरू लागली. मालिकेतल्या फ्रँकचा पुतण्या निक रोज सकाळी येऊन उभा राहतो आणि ज्येष्ठतेच्या यादीत खाली असल्यामुळे आठवड्यातून मोजकेच दिवस काम मिळवून परत जातो. तो चोरीकडे वळतो तेव्हा मला त्याचा राग आला नाही.

फ्रँक चोरीचा पैसा स्वतःवर उडवत नाही. तो कालवा खोल करून घेण्यासाठी आणि धान्याचा धक्का पुन्हा सुरू व्हावा म्हणून राजकारण्यांच्या मागे पैसा ओततो, आणि शेवटी त्या धक्क्याच्या जागी घरे बांधण्याची घोषणा होते. बाल्टिमोरमध्ये लोकस्ट पॉइंट येथील धान्याच्या प्रचंड कोठाराचे पुढे खरोखरच महागडे फ्लॅट झाले. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेले पाहिलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आणखी एक. या पर्वात दिसणारा फ्रान्सिस स्कॉट की पूल आता तिथे नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘दाली’ नावाचे कंटेनर जहाज वीज गेल्यामुळे पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि त्या वेळी पुलावरचे खड्डे बुजवत असलेले सहा कामगार मरण पावले. जहाज कोलंबोकडे निघाले होते आणि त्यावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते. पुढे कित्येक आठवडे ते जहाजावरच अडकून पडले. फ्रँक शेवटच्या भेटीसाठी एकटाच त्या पुलाखाली चालत जातो, तो प्रसंग आला तेव्हा मी टीव्ही थांबवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बी-३०१
काका, तुमचा मजकूर वाचून मलाही धीर आला, म्हणून चौथ्या पर्वाबद्दल मनातले लिहिते. प्रेझ हा पोलीस खात्यातून बाहेर पडून शाळेत गणिताचा शिक्षक होतो. पहिल्या पर्वात आकड्यांची ती युक्ती उलगडणारा हाच. वर्गात कोणी ऐकत नाही, मग तो फासे आणतो आणि जुगार खेळणाऱ्या मुलांना संभाव्यता शिकवतो, आणि मुले पहिल्यांदा पुढे सरकून बसतात. शाळेच्या तळघरात त्याला न उघडलेली नवी पुस्तके आणि खोक्यातला संगणक सापडतो, हेही मी अगदी ओळखीचे म्हणून पाहिले. मग चाचण्यांचा हंगाम येतो. फासे बाजूला ठेवा आणि नमुना प्रश्न घोटून घ्या, असा आदेश निघतो, आणि प्रेझला क्षणात कळते की खात्यात दरोड्याची नोंद साधी चोरी म्हणून करत असत, तेच इथे चालले आहे. ए-७०२ काकू आकड्यांविषयी जे लिहितात ते मला याच ठिकाणी सर्वांत जास्त पटले.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी मागच्या बाकावरच्या दोन मुलांना उद्या घरीच राहा असे सांगण्यात आले. सांगणारी मी होते. सूचना वरून आली होती, वर्गाची टक्केवारी घसरू नये एवढाच हेतू होता, आणि त्यातला एक मुलगा मला म्हणाला, “बाई, मला पाढे येतात आता.” प्रेझचा चेहरा पाहताना हे वाक्य कानात वाजत राहिले.

ड्यूकीचे मला फार वाईट वाटले. अंगाला वास येतो म्हणून बाकीची पोरे त्याच्यापासून लांब बसतात. प्रेझ त्याच्यासाठी शाळेतच अंघोळीची सोय करतो, त्याचे कपडे धुऊन आणतो, डब्याची काळजी घेतो, आणि मुलगा खरोखर फुलतो. मग वर्षाच्या मध्येच त्याला वरच्या शाळेत ढकलले जाते, कारण पटावर जागा करायची असते. तो त्या नव्या शाळेच्या दारापर्यंत जातो आणि मागे फिरतो. पाचव्या पर्वाच्या शेवटी तो प्रेझकडे पैसे मागायला येतो, शिक्षणासाठी हवेत म्हणतो, आणि पैसे देताना प्रेझला ते खोटे आहे हे कळत असते. सगळे काही करूनही एका शिक्षकाचे हात किती पुरतात, हे इतके खरे मी कुठे पाहिले नव्हते.

बी-५०२
ताई, यावर काय लिहावे ते सुचत नाही. मला त्या पर्वातला पोलीस कार्व्हर आठवतो. प्रेझच्या वर्गातल्या रँडीला वसतिगृहात सोडून तो गाडीत येऊन बसतो आणि स्टिअरिंगवर मुठी आपटत राहतो. पहिल्या पर्वात पोरांना बदडण्यात धन्यता मानणारा हाच माणूस.

आकड्यांबद्दल काकूंचे म्हणणे खुनांच्या तपासालाही लागू पडते. तपास कक्षातल्या फळ्यावर न सुटलेल्या खुनांतली नावे लाल आणि सुटलेल्यांतली काळी असतात आणि सगळ्या खोलीचे लक्ष माणसावर नसून शाईच्या रंगावर असते. बंद पडलेल्या घरांच्या फळ्यांवर ठोकलेले वेगळे खिळे पाहून तपास करणारा फ्रीमन आत प्रेते आहेत हे ओळखतो, तेव्हा त्याचा वरिष्ठ म्हणतो की वर्ष संपायला थोडेच दिवस उरले आहेत, तोवर ती दारे उघडू नकोस. बाल्टिमोर हे काही अवाढव्य शहर नाही. २००० साली वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरहून लहान. तिथे २०१५ ते २०२२ अशी सलग आठ वर्षे दरवर्षी तीनशेहून अधिक खून झाले. २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेल्या फ्रेडी ग्रेचा मृत्यू झाला आणि शहर पेटले. २०१७ मध्ये बंदुका पकडण्यासाठी नेमलेल्या विशेष पथकातल्याच पोलिसांवर लुटीचे आरोप ठेवले गेले. मालिका संपून नऊ वर्षांनी हे घडले. २०२४ मध्ये मात्र खुनांची संख्या २०१ पर्यंत खाली आली, हेही सांगितले पाहिजे.

ए-१०३
मी थोडे विरोधी लिहिणार आहे. मालिका थोर आहे यात मला शंका नाही, तथापि तिच्यातल्या आयांवर अन्याय झाला आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. गर्दच्या धंद्यातल्या घराण्यातल्या डी’अँजेलोची आई त्याला घराण्यासाठी तुरुंगात राहायला लावते आणि शाळकरी नेमंडची आई धंद्यात उतर म्हणून पोराच्या मागे लागते. पोरांच्या मनात शिरायला लेखकांना भरपूर वेळ मिळाला. या बायका अशा का झाल्या हे विचारायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. पोलीस कीमा आहे, ती उत्तम आहे, परंतु एका कीमाने ही उणीव भरून निघत नाही. पाचवे पर्वही मला ओढूनताणून आणलेले वाटले. तपास करणारा पोलीस मॅकनल्टी बनावट खुनी उभा करतो हे त्या जगात बसत नाही, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतले साहेब फारच सरळ रेषेत वाईट आहेत. लेखकाचा जुना राग तिथे लपत नाही.

ए-७०२
वहिनी, आयांविषयीचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि ते माझ्या आधी लक्षात आले नव्हते. पाचव्या पर्वाविषयीही माझे मत वेगळे नाही, फक्त त्यातला व्यसनी बबल्सचा धागा मी वेगळा काढून ठेवते. साठ भागांत आपण त्याला गाड्यावर भंगार ढकलताना, मार खाताना, कोवळ्या शेरॉडला गमावताना पाहिले. व्यसन सोडल्यावर बहीण त्याला घराच्या तळघरात राहू देते, परंतु वरच्या घराचे दार ती कुलूप लावून ठेवते, कारण पूर्वी त्याने तिचे घर धुऊन नेलेले असते. तो कुरकुर करत नाही. शेवटच्या भागात अगदी अखेरीस ते दार उघडे दिसते, बबल्स पायऱ्या चढून वर येतो आणि बहिणीच्या टेबलाशी जेवायला बसतो. त्या प्रसंगात एक शब्दही नाही.

बी-३०१
मी तो प्रसंग माझ्या आईला दाखवला. तिने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. तिने फक्त विचारले, “दाराला कुलूप होतं का आधी?”