अलिबाग ते हरिहरेश्वर पायी: दोघांची चाल वेगळी असेल तर टप्पे कसे आखावेत?

पर्वतीकर
येत्या डिसेंबरात मी आणि माझा शाळासोबती, दोघेही पंचावन्नच्या पुढचे, अलिबागहून सागरी रस्त्याने हरिहरेश्वरपर्यंत पायी जाण्याच्या विचारात आहोत. आगरदांडा ते दिघी ही फेरीबोट धरली, तर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत बसते, म्हणून रोज पंचवीस किलोमीटर धरून पाच दिवसांचा बेत केला आहे. अडचण अशी की मी रोज पर्वती चढणारा आणि झपझप चालणारा आहे. मित्र मात्र सावकाश चालतो, उतारावर त्याचा उजवा गुडघा कुरकुरतो आणि दुखत असले तरी तो ते सांगत नाही. आमचा बेत योग्य आहे का, आणि डांबरी रस्ता सोडून किनाऱ्याच्या वाळूवरून किती चालता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जोडीने_चाललेला
आम्ही दोघे मित्र याच वाटेने बाणकोट खाडी ओलांडून पुढे वेळासपर्यंत गेलो होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. पाच दिवसांचा बेत कागदावर ठीक असला, तरी आपल्या मित्राचे वर्णन वाचून तो सोडून द्यावा असेच मला वाटते.

पहिल्या दिवशी मी माझ्याच चालीने पुढे निघालो, काशीदला तासभर आधी पोहोचलो आणि टपरीवर शहाळे पीत आरामात बसलो. मित्र आला तो एक अक्षर न बोलता. त्याने बाकावर बसून बूट काढला, तेव्हा पायमोजा टाचेला चिकटलेला होता. तो पाण्याने भिजवून सोडवावा लागला आणि खालचा फोड रुपयाएवढा निघाला. वाटेत एकदा थांबून पाहिले असते, तर चिकटपट्टीवर भागले असते. दुसऱ्या दिवसापासून तो पुढे आणि मी मागे असा क्रम लावला आणि दर तासाला, दुखो वा न दुखो, दोघांनीही बूट-मोजे काढून पाय पाहायचे असे ठरवले. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न मी विचारायचाच सोडला, कारण त्याचे उत्तर ठरलेले असे.

गुडघ्याबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने चालतो, ते बरोबरच आहे. पण पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो, त्यामुळे दिवसभर उजवा पाय डाव्यापेक्षा खालच्या पातळीवर पडत राहतो. तेव्हा जेथे साइडपट्टी सपाट आहे तेथे डांबर सोडून तिच्यावरून चालावे. शिवाय ‘किनाऱ्याचा रस्ता’ म्हणजे सपाट रस्ता नव्हे. डोंगराच्या सोंडा जागोजागी थेट समुद्रात उतरलेल्या आहेत, म्हणून रस्ता एका गावातून वर चढतो आणि पुढच्या गावात खाली येतो. चढ दम काढतात, पण गुडघा मोडतात ते उतार. आपल्या मित्राला दोन काठ्या द्याव्यात आणि सात दिवस धरावेत, म्हणजे रोजचे अंतर सोळा-सतरा किलोमीटरवर येईल.

आगरातला
मी श्रीवर्धनचा आहे. वाळूवरून चालण्याचा प्रश्न भरती-ओहोटीचा आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओल्या वाळूवर पाय रुतत नाही, कोरड्या पुळणीत मात्र दोन किलोमीटरमध्येच पोटऱ्या भरून येतात. म्हणून तृतीया ते सप्तमी या दिवसांत निघावे, म्हणजे सकाळचा वेळ वाळूवरून चालण्यास मोकळा मिळतो. एकादशीच्या सुमारास निघालात, तर ओहोटी ऐन दुपारच्या उन्हात येईल.

दिवेआगरहून आरावी, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला येणारा वीसेक किलोमीटरचा रस्ता घाईने उरकू नये. त्याच्या बऱ्याच भागात एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये फक्त रस्ता असतो. मात्र सावली अगदी थोडी आहे, त्यामुळे उजाडताच निघावे आणि पाणी दिवेआगरातच भरून घ्यावे. हरिहरेश्वरच्या देवळामागील प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटी असल्याशिवाय उतरू नये. तेथे खडकावरून माणसे लाटेने ओढली गेली आहेत.

रेवदंडेकर
वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त निघण्याच्या वाराविषयी माझे मत निराळे आहे. शनिवार-रविवारी अलिबाग ते रेवदंडा हा टप्पा रस्त्याने चालूच नये. नागाव आणि चौलच्या आगरांमधून जाणारा हा रस्ता अरुंद आहे, दोन मोटारी समोरासमोर आल्या की चालणाऱ्याला कुंपणाला चिकटून उभे राहावे लागते. ओहोटी असेल तर नागावपासून पुढे बरेचसे अंतर पुळणीने कापता येते. सोमवारी निघावे, राहण्याची सोयही त्या दिवसांत सहज होते, कारण सुट्टीच्या दिवशी अनेक घरगुती खाणावळवाले एका रात्रीसाठी खोली देण्यास नाखूश असतात.

दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशांनाही घेतात. तरी त्या दिवसाचा हिशेब किलोमीटरवर न करता बोटीच्या वेळेवर करावा. मुरूडहून आगरदांडा जवळ आहे, म्हणून आपण सुस्तावतो, आणि डोळ्यांदेखत बोट सुटली की पुढचा दिघी ते दिवेआगर हा चढउताराचा टप्पा भर उन्हात गाठावा लागतो.

पर्वतीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात दिवस नक्की केले आहेत, आणि पंचांग काढून सोमवारी तृतीया किंवा चतुर्थी कधी येते ते शोधतो आहे. हा धागा मित्राला वाचायला दिला. तासातासाला मोजे काढण्याची अट त्याने मान्य केली, पण पहिल्यांदा माझे पाय पाहायचे, असे त्याचे म्हणणे आहे.