मदत हवी आहे: बुद्धिबळ इंजिनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कुठे, कधी आणि किती दिवसांची ठेवावी?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतोय, अधूनमधून प्रतिसादही देतो. मदत मागायला धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय. पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आम्ही चौघं मिळून बुद्धिबळ इंजिनांची (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅम्सची) एक स्पर्धा भरवतोय. दहा इंजिनांच्या लेखकांनी येतो म्हणून कळवलंय, सहा देशांतून. एक-दोघं सोडले तर सगळे नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी इंजिन लिहिणारे. आमची अट एकच आहे: ऑपरेटर समोरासमोर बसणार. यंत्र टेबलाखाली असो नाहीतर दूर कुठल्या विद्यापीठात, पटावर खेळी करायला आणि घड्याळ दाबायला माणूस हजर पाहिजे.

माणसांशिवाय चालणाऱ्या स्पर्धा आहेतच. टीसीईसी ही इंजिनांची स्पर्धा २०१० पासून ऑनलाइन चालू आहे, एकेक हंगाम काही महिने चालतो, सगळी इंजिनं एकाच सर्व्हरवर. मी ते डाव रोज बघतो. पण मागे एका स्पर्धेत माझं इंजिन चार प्याद्यांची आघाडी दाखवत होतं आणि डाव पुढे सरकत नव्हता. समोरचा लेखक खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "तुझा उंट पांढऱ्या घरांचा, प्यादं एच पट्टीतलं, आणि बढतीचं घर काळं. कोपऱ्यात माझा राजा बसलाय, तुझा उंट त्याला हुसकावू शकत नाही, ही बरोबरी आहे." त्या रात्री दोघांनी बसून मूल्यांकनातली (कोण किती पुढे आहे हे आकड्यात सांगणाऱ्या भागातली) ती चूक दुरुस्त केली. प्रतिस्पर्ध्याने माझं इंजिन सुधारून दिलं! हे घडावं म्हणूनच एवढा खटाटोप चाललाय.

आता अडचणी सांगतो.

जागा. दोन पर्याय समोर आहेत. पहिला, एका मोठ्या एआय परिषदेला जोडून. ही जुनीच रीत आहे. १९७४ ची पहिली जागतिक कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा स्टॉकहोममध्ये झाली ती आयएफआयपी या संगणक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेबरोबर, १९७७ ची टोरोंटोत, तीही तशीच. पुढे २०१८ ला पुन्हा स्टॉकहोम आणि २०१९ ला मकाऊ, तिथेही एआय परिषदेचाच आधार होता. सभागृह फुकट, इंटरनेट तयार, येणारे-जाणारे संशोधक थांबून बघतात. पण हॉटेलं परिषदेच्या भावाने, आणि सभागृह आमच्या ताब्यात फक्त सकाळी ९ ते संध्याकाळी ६.

दुसरा पर्याय म्हणजे एका विद्यापीठाच्या संगणक विभागाची प्रयोगशाळा. गाव लहान, विमानतळापासून दोन तास ट्रेन. पण किल्ल्या आमच्याकडे राहतील आणि सुट्टीच्या काळात वसतिगृहाच्या खोल्या मिळतील. प्रेक्षक मात्र जवळपास शून्य. जर्मनीतल्या पाडरबोर्नची स्पर्धा १९९१ पासून पुढे वीसेक वर्षं विद्यापीठाच्याच आधाराने भरत होती आणि लोक आवर्जून जायचे. जागतिक स्पर्धासुद्धा २०१५, २०१६, २०१७ सलग नेदरलँड्समधल्या लायडनला झाली. तेव्हा लहान गाव म्हणून लोक येत नाहीत असं मला वाटत नाही.

किल्ल्यांचा मुद्दा मी उगाच काढत नाहीये. एके ठिकाणी आमचा हत्ती-प्याद्यांचा शेवट १३० व्या खेळीच्या पुढे गेला होता, आणि सभागृहाचा माणूस येऊन एकेक रांगेचे दिवे मालवायला लागला. शेवटी आम्ही उरलेल्या एका दिव्याखाली पट सरकवला. माझ्या समोरच्याची घाईत खेळी चुकीची टाइप झाली, ती परत घ्यायची की नाही यावरून वाद, पंच आधीच निघून गेलेले. डाव बरोबरीत सोडवला. आम्हा दोघांनाही ते आजतागायत पटलेलं नाही.

कालावधी. वेळ ठेवायची तर प्रत्येक बाजूला १०५ मिनिटं आणि खेळीमागे १५ सेकंद जादा, असा विचार आहे. ८० खेळ्यांचा डाव म्हणजे २१० मिनिटं अधिक ४०, सव्वाचार तास धरा. २०० खेळ्यांचा झाला तर सव्वापाच. दिवसाला दोन फेऱ्यांच्या वर जाता येत नाही. दहा इंजिनांची एकेरी साखळी म्हणजे ९ फेऱ्या, साडेचार दिवस. दुहेरी साखळी ठेवली (प्रत्येकाशी दोन्ही रंगांनी) तर १८ फेऱ्या, नऊ दिवस. आमच्यातल्या दोघांचा दुहेरीचा आग्रह आहे, नाहीतर पांढऱ्याचा फायदा कोणाला मिळाला यावर निकाल ठरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं आहे. पण नऊ दिवस रजा कोणाला मिळणार?

तारखा. ऑगस्टचा मधला आठवडा, नाहीतर सप्टेंबर अखेर. ऑगस्टमध्ये परिषद आहे.

जाणकारांनी, विशेषतः ज्यांनी अशा स्पर्धा भरवल्यात किंवा ऑपरेटर म्हणून बसलेत त्यांनी, कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

दुहेरी साखळीचा आग्रह सोडून द्या. १० एलोने (एलो म्हणजे ताकद मोजायचं गुणांकन) सरस असलेल्या इंजिनाला शंभरातले सरासरी साडेएक्कावन्न गुणही मिळत नाहीत. हा फरक खात्रीने दिसायला हजारो डाव लागतात. तुमचे ९ डाव असोत की १८, सगळ्यांत ताकदवान कोण हे त्यातून सिद्ध होणार नाही. ते घरी बसून चाचण्यांत कळतंच. पूर्वी तर जागतिक स्पर्धेत १९७४ ला १३ प्रोग्रॅम्स आणि ४ फेऱ्या होत्या, १९८९ ला एडमंटनमध्ये २४ आणि ५ फेऱ्या. तरी विजेता विजेताच होता.

मात्र बरोबऱ्या खूप होतील हे गृहीत धरा. पहिल्या क्रमांकावर दोघं आले तर काय, हे आत्ताच नियमात लिहा आणि टायब्रेकसाठी (बरोबरी फोडणाऱ्या जादा डावांसाठी) अर्धा दिवस मोकळा ठेवा. २०१८ ला स्टॉकहोममध्ये अग्रस्थान असंच टायब्रेकवर सुटलं होतं.

आणि लांबलेल्या डावांसाठी टेबलबेसने (थोडी मोहरी उरलेल्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल साठवलेल्या संचाने) निकाल द्या. सहा मोहऱ्यांपर्यंतचे (राजे आणि प्यादी धरून) सिझिजी नावाचे टेबलबेस साधारण १५० जीबीत मावतात, एका लॅपटॉपच्या डिस्कवर येतात. सात मोहऱ्यांचे काही टेराबाइट होतात, त्यांच्या नादी लागू नका. सहा मोहरी उरली की पंचाने निकाल जाहीर करायचा. दिवे मालवायची वेळच येणार नाही.

प्रतिसाद २

जागा ठरवण्याआधी विजेचं विचारा. जास्त कोअरची यंत्रं पूर्ण भारावर सहज ५०० वॅट ते एक किलोवॅट ओढतात. दहा जणांनी आणली तर दहा किलोवॅटपर्यंत जाईल, आणि परिषदेच्या सभागृहात एका भिंतीचे सगळे सॉकेट बहुतेक एकाच सर्किटवर असतात. पहिल्या फेरीत दहाव्या खेळीला ब्रेकर पडला की पाचही पटांवरची घड्याळं थांबवावी लागतील. प्रयोगशाळेत हा प्रश्न सहसा येत नाही. पंख्यांच्या आवाजासाठी यंत्रं शेजारच्या खोलीत ठेवता आली तर फारच छान.

यंत्र विमानाने आणणाऱ्यांना कस्टम्सचं आधी सांगून ठेवा, एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं दुसऱ्या देशात नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र) काढता येतं का ते बघायला लावा. केन थॉम्पसनचं बेल हे बुद्धिबळाचं यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोला निघालं होतं, ते न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमेरिकी कस्टम्सने अडकवून ठेवलं. १९८० ला लिंट्समध्ये जगज्जेतं झालेलं यंत्र ते! आता एवढं होणार नाही, पण एक दिवस गेला तरी दोन फेऱ्या गेल्या.

प्रतिसाद ३

मी ऑपरेटर म्हणून बसलेय, म्हणून तारखांबद्दल लिहिते. दूरच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) कोण खेळणार आहे ते आधी विचारा. २०१५ ला लायडनमध्ये जॉनी नावाचं इंजिन जिंकलं ते विद्यापीठाच्या क्लस्टरवरच्या २,४०० कोअरवर. अशी यंत्रणा सत्र चालू असताना कोणी तुम्हाला देत नाही, मोकळ्या काळात देतात. क्लस्टरच्या देखभालीचे दिवस ठरलेले असतात, तेही विचारून घ्या. आमच्या वेळी देखभाल नेमकी तिसऱ्या फेरीच्या मध्यावर आली आणि आमचं इंजिन जिंकत आलेला डाव वेळ संपल्यामुळे हरलं. मी समोर बसून घड्याळ शून्यावर जाताना बघत होते, करण्यासारखं काहीच नव्हतं.

दोन्ही गावांच्या वेळेतला फरकही बघा. तुमच्या सकाळच्या फेरीला क्लस्टरच्या गावी मध्यरात्र असेल तर तिकडे फोन उचलायला कोणी नसतं.

आणि व्हिसा. सहा देशांतून लोक येणार म्हणता, तर निमंत्रणपत्रं किमान चार महिने आधी हातात द्या. तारीख महिनाभर मागेपुढे झाली तर चालतं, पत्र उशिरा गेलं की माणूसच येत नाही.

धागालेखक

तिघांचेही मनापासून आभार. काल आम्ही चौघं बसलो आणि हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दुहेरीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी एक तयार झाला, दुसऱ्याने एक दिवस मागितलाय.

ठरत आलंय ते असं: विद्यापीठाची प्रयोगशाळा, सप्टेंबर अखेर, एकेरी साखळी. शुक्रवारी संध्याकाळी सगळे पोहोचतील, यंत्रं लावून विजेची आणि जोडणीची चाचणी त्याच रात्री. शनिवार ते मंगळवार रोज दोन फेऱ्या, म्हणजे आठ. बुधवारी सकाळी नववी, दुपारी टायब्रेक लागला तर तो, नाहीतर ५ मिनिटांची जलद स्पर्धा. गुरुवारी परत. शनिवार-रविवार धरून बसवल्यामुळे रजा फक्त पाच दिवसांची लागते. दहा जणांना पत्र पाठवून विचारलं, आठ जणांनी आजच होकार कळवला. क्लस्टरवाले दोघं आहेत, त्यांच्याकडून देखभालीच्या तारखा मागवल्यात.

सहा मोहऱ्यांचा नियम घेतलाच. बरोबरीच्या दाव्याबद्दल अजून एक शंका आहे: दोन्ही इंजिनं सलग काही खेळ्या मूल्यांकन शून्य दाखवत असतील तर ऑपरेटरांना संमतीने डाव बरोबरीत सोडवू द्यावा का, की तीस-चाळीस खेळ्यांची किमान मर्यादा घालावी? मला मर्यादा हवीशी वाटते, कारण माझा तो उंटाचा शेवट चाळिशीच्या आत सोडला असता तर चूक कधी सापडलीच नसती. ज्यांनी पंच म्हणून काम केलंय त्यांनी सांगा, आकडा किती ठेवता तुम्ही?