मदत हवी आहे : पेठ तालुक्यातल्या वाड्यांसाठी गाड्यांचं वेळापत्रक कसं मांडावं?

नमस्कार मंडळी. आमच्या पाच वाड्या मिळून ग्रामसभेत ठराव करून एसटी गाडीची मागणी करणार आहोत. 'गाडी द्या' एवढंच लिहिलं तर कागद फायलीत जातो, हा अनुभव आहे. म्हणून आकडे जोडायचेत.

आठवडाभर फाट्यावर वही घेऊन बसलो. सकाळी सहाला दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणारे मजूर, सव्वानऊला शाळेची पोरं, मग दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या. सोमवारी एका जीपमधून उतरलेली माणसं मोजली, एकोणीस! टपावरचे तिघे वेगळे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास, मार्च २०२३ पासून बायांना निम्मं तिकीट. पण गाडीच फाट्यापर्यंत येत नसेल तर सवलत काय चाटायची?

आता अडलंय ते इथे. आमच्या वहीत फक्त जाणारे दिसतात. गाडी नाही म्हणून जे घरीच बसतात, त्यांची नोंद कशी करायची? घरोघर विचारलं तर सगळेच 'रोज जाऊ' म्हणतात. दुसरं, वाडी ते फाटा छोटी गाडी आणि पुढे सावळघाट ओलांडून नाशिकला मोठी, अशी जोड मागावी की थेट गाडीच? जोडगाडी चुकली की पावसात फाट्यावर ताटकळणं आलंच.

सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे कुणी असा प्रस्ताव केला असेल तर तक्त्याचा नमुना टाका. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.